फ्रिजमध्ये गांजा सुकतो की सडतो?

आजची सुरुवात कोथिंबिरीपासून. जुडी फ्रिजमध्ये उघडी राहिली की दोन-तीन दिवसांत मान टाकते. तीच जुडी ओली असताना पिशवीत गच्च बांधून ठेवली, तर काळी आणि चिकट होते. एवढं लक्षात ठेवा, आजचा सगळा विषय यातच आहे.

मी नोकरीसाठी बर्लिनला असतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना स्वतःपुरती गांजाची तीन झाडं घरी लावता येतात. माझ्या रूममेटने लावली. मी ओढत नाही, पण फ्रिज दोघांचा! एक दिवस बघतो तर दुधाशेजारी हवाबंद डबा, आणि आत ओली फुलं. म्हणे, "फ्रिजमध्ये छान सुकतात."

म्हणणं अर्धं बरोबर होतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा हवा फिरवतो. ही हवा शून्याखाली असलेल्या कॉइलवरून जाते, तेव्हा तिच्यातली वाफ तिथे बर्फ होऊन चिकटते. थोड्या थोड्या वेळाने हीटर तो बर्फ वितळवतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. कोरडी झालेली हवा परत आत येते आणि उघड्या वस्तूतलं पाणी ओढून घेते. शिवाय थंडीत टर्पीन, म्हणजे वास देणारी तेलं, कमी उडतात. म्हणून लोक हा प्रकार करतात.

मग चुकलं कुठे? डब्यात! फिरणारी हवा फुलांपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांचं पाणी डब्यातच अडकलं. कागदी पिशवीत, एका थरात ठेवली असती तर वाफ बाहेर पडली असती. ताज्या फुलाचं वजन बहुतेक पाण्याचंच असतं. त्यामुळे रोज वजन करायचं, आणि ते उतरायचं थांबलं की झालं. यात भाज्यांनी भरलेला फ्रिज आणि सारखं उघडलं जाणारं दार, दोन्ही घात करतात.

आठवड्याने डबा उघडला तर आत करडी बुरशी. फ्रिजमधल्या स्ट्रॉबेरीवर येते ना, तीच दिसत होती. थंडीत बुरशी मरत नाही, फक्त हळू वाढते. रूममेट म्हणाला, "वरचं कापून टाकतो, बाकीचं चालेल." मी म्हटलं, अजिबात नाही. बुरशीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जाळल्यावर सगळे मरतील याची खात्री नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांच्या फुप्फुसात तर अशा बुरशीने गंभीर संसर्ग होऊ शकतो. पाच मिनिटं वाद झाला. तीन-चार महिन्यांची मेहनत होती हो त्याची! शेवटी त्याने सगळं फेकलं, आणि फ्रिज आम्ही दोघांनी मिळून पुसला.

आता महत्त्वाचं. भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ प्रमाणे घरी गांजा लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा हा प्रयोग पुदिन्यावर करा. पानं धुऊन कोरडी करा, कागदी पिशवीत पसरा आणि रोज वजन बघा.

काय झालं ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!