हजेरीपटावरील खेळाडू

अमेरिकेतील दोन महाविद्यालयांमधील पहिला क्रीडासामना १८५२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्या नौकांमध्ये झाला, आणि त्याचा खर्च एका रेल्वे कंपनीने, आपल्या मार्गावर उतारूंची वर्दळ वाढावी या शुद्ध व्यापारी हेतूने, उचलला होता. विद्यार्थ्यांच्या खेळावर पैसा लावणारा तेथे असा प्रारंभापासूनच हजर होता; ते विद्यार्थी शिकतात की नाही, हे विचारणारा मात्र पुष्कळ उशिरा आला.

आज मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात शनिवारच्या एका फुटबॉल सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी कोट्यवधी डॉलरांची उलाढाल होते, आणि कित्येक राज्यांत सर्वांत मोठा पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्यपाल नव्हे, तर राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल वा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. हा सारा डोलारा ज्यांच्या अंगमेहनतीवर उभा आहे ते विशीतले तरुण मात्र नियमाने विद्यार्थीच असावे लागतात: पूर्णवेळ नाव दाखल, ठराविक विषयांत उत्तीर्ण, गुणांची सरासरी विवक्षित रेषेच्या वर. या अटी ठरविणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने एनसीएए. फुटबॉलच्या मैदानावर मुले दगावू लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ साली महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना पाचारण करून जी कानउघाडणी केली, तिच्यातून पुढल्याच वर्षी ती जन्मास आली. तिच्या दप्तरात खेळाडूसंबंधी दोन प्रश्न निरनिराळे नोंदलेले असतात. येत्या हंगामात हा मुलगा खेळावयास पात्र आहे काय, हा एक; आणि अखेरीस त्याला पदवी मिळाली काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सत्रास लागते, कारण त्यावर शनिवारचा सामना अवलंबून असतो. दुसऱ्याचे उत्तर सहा वर्षांनी येते, आणि तोवर प्रशिक्षकाने बहुधा दुसरी नोकरी धरलेली असते.

पात्रतेची पहिली देशव्यापी कसोटी १९६५ साली आली. शाळेतील गुण आणि प्रवेशपरीक्षेचा निकाल यांवरून, हा विद्यार्थी पहिल्या वर्षी चारपैकी किमान १.६ सरासरी मिळवील असे भाकीत करता आले, तरच त्यास शिष्यवृत्ती द्यावी, असा तो नियम होता. भाकितावर आधारलेला हा कायदा १९७३ मध्ये रद्द झाला, आणि त्याच्या जागी शाळेत कोणत्याही विषयांत मिळालेली २.० सरासरी पुरेशी मानली गेली. ‘कोणत्याही विषयांत’ या दोन शब्दांनी जे दार उघडले त्यातून पुढील दशकभर कोण कोण आत आले, याचा पंचनामा न्यायालयांतून व्हावयाचा होता.

जॉर्जिया विद्यापीठातील जॅन केम्प या अध्यापिकेने, पूरक वर्गात अनुत्तीर्ण झालेल्या नऊ फुटबॉलपटूंना वरच्या वर्गात ढकलल्याबद्दल तक्रार केली. तिला नोकरीवरून काढण्यात आले. आणि तिने गुदरलेल्या दाव्यात १९८६ साली ज्यूरीने तिच्या पदरात पंचवीस लाख डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई टाकली, जी मागाहून कमी करण्यात आली. या खटल्यात विद्यापीठाच्या वकिलाने केलेला युक्तिवाद रकमेपेक्षा अधिक स्मरणीय आहे. अशा खेळाडूस आम्ही खरा विद्यापीठीय विद्यार्थी कदाचित बनवू शकणार नाही, परंतु त्याला लिहावाचावयास शिकविले तर खेळ संपल्यावर तो कचरा उचलण्याऐवजी टपालखात्यात काम करू शकेल, असे त्याने ज्यूरीस सांगितले. बचावाच्या ओघात दिलेला हा कबुलीजबाबच म्हणावयाचा. तीनच वर्षांनी डेक्स्टर मॅनली हा नामांकित व्यावसायिक फुटबॉलपटू सिनेटच्या एका उपसमितीपुढे उभा राहिला आणि, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढूनही आपणास वाचता येत नव्हते, असे त्याने साश्रु सांगितले. या चार वर्षांत तो खेळावयास अपात्र मात्र ठरला नव्हता.

दरम्यान एनसीएएने ‘प्रस्ताव ४८’ संमत केला होता, आणि १९८६ पासून तो अमलात आला. शाळेतील ११ मुख्य विषयांत २.० सरासरी, आणि शिवाय एसएटी या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुण, अशी त्याची अट. ही परीक्षा ४०० पासूनच मोजावयास आरंभ करते हे ध्यानात घेता अट जाचक नव्हे असे वाटेल. परंतु ती ज्यांना नडली त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती, आणि ज्या शाळांतून ती आली होती त्या शाळांची अवस्था त्यांनी निवडलेली नव्हती. अशा मुलास पहिल्या वर्षी खेळता येत नसे, पण शिष्यवृत्ती मिळे. १९८९ च्या जानेवारीत ‘प्रस्ताव ४२’ ने तीही काढून घेतली. तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक, हे बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याच्या क्षणी मैदान सोडून निघून गेले. त्यांच्या निषेधाचा परिणाम होऊन वर्षभरात तो ठराव सौम्य करण्यात आला. थॉम्पसन यांचा पक्ष मला मान्य आहे, आणि तरीही मॅनलीची साक्ष विसरता येत नाही: दार बंद केले तर अन्याय विद्यार्थ्यावर, आणि दार सताड उघडे ठेवून आत काहीच शिकविले नाही तर तोही त्याच विद्यार्थ्यावर. पुढे १९९९ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने परीक्षेची अट भेदमूलक ठरविली. पण एनसीएएला सरकारी अनुदान थेट मिळत नाही, या मुद्द्यावर वरिष्ठ न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरविला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पदवीकडे, वळू. किती खेळाडू पदवीधर होतात हे विद्यापीठांनी जाहीर केलेच पाहिजे, असा कायदा १९९० साली झाला, आणि सिनेटमध्ये त्याचा पाठपुरावा करणारे बिल ब्रॅडली हे प्रिन्स्टनचे गाजलेले बास्केटबॉलपटू आणि ऑक्सफर्डचे ऱ्होड्स स्कॉलर होते, हा योगायोग नव्हे. कायद्याचा हिशेब सरळ, किंबहुना निष्ठुर, आहे. अमुक वर्षी शिष्यवृत्तीवर प्रथमच दाखल झालेले किती, त्यांपैकी सहा वर्षांत त्याच संस्थेतून पदवी घेतलेले किती, एवढेच तो विचारतो. मधेच दुसऱ्या विद्यापीठात जाऊन तेथे सन्मानाने पदवीधर झालेला मुलगाही मूळ संस्थेच्या खाती अनुत्तीर्णच, आणि नव्या संस्थेच्या खाती तर तो नाहीच. विद्यापीठांची तक्रार वाजवी होती. म्हणून एनसीएएने २००५ पासून आपली वेगळी पद्धत प्रचारात आणली: पात्र असताना सोडून गेलेल्यांची संख्या भाजकातून वजा करावयाची आणि बाहेरून आलेल्यांची त्यात मिळवावयाची. या पद्धतीने १९९५ साली दाखल झालेल्यांचे प्रमाण ७४ टक्के भरले होते. अलीकडे ते ९० टक्क्यांच्या घरात असते. सरकारी पद्धतीने मोजले तर तेच प्रमाण सत्तरीच्याही किंचित खाली राहते. प्रसिद्धिपत्रकात कोणता आकडा छापला जातो, हे सांगावयास नकोच.

सहा वर्षांनी येणारा निकाल प्रशिक्षकास जरब बसविण्यास निरुपयोगी, हे ओळखून एनसीएएचे तत्कालीन अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी, जे मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, प्रत्येक सत्राचा हिशेब सुरू केला. प्रत्येक शिष्यवृत्तीधारकास दर सत्री दोन गुण: एक तो पात्र राहिल्याबद्दल, दुसरा तो संस्थेत टिकल्याबद्दल. तेरा जणांच्या बास्केटबॉल संघाचे वर्षाकाठी ५२ गुण होतात. त्यांतले चार गमावले की हजाराच्या मापाने संघ ९२३ वर येतो, आणि चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की हंगामोत्तर स्पर्धांना मुकावे लागते. २०११ चा राष्ट्रविजेता कनेक्टिकटचा संघ या नियमाने २०१३ च्या स्पर्धेतून बाद झाला, आणि २०१४ साली परत येऊन पुन्हा विजेता ठरला. कनेक्टिकटसारख्यांना शिक्षा सोसवते, कारण त्यांच्यापाशी शिकवण्या ठेवावयास पैसा असतो. तो नसलेल्या, परंपरेने कृष्णवर्णीयांसाठी चालत आलेल्या छोट्या महाविद्यालयांवर हीच तरतूद वारंवार कोसळली, तेव्हा त्यांच्यासाठी सवलती काढाव्या लागल्या.

माप कडक झाले की त्या मापात बसणारा माल तयार होतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाअखेर पदवीच्या अभ्यासक्रमाचा अनुक्रमे ४०, ६० आणि ८० टक्के भाग पुरा झाला पाहिजे, असा नियम झाल्यापासून दुसऱ्या वर्षानंतर विषय बदलणे खेळाडूस महागात पडू लागले, आणि एकेका संघातील मुले एखाद्याच सोप्या विषयात दाटीवाटीने बसलेली दिसू लागली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील एका विभागात तर अठरा वर्षे असे वर्ग चालले की ज्यांची तासिका कधी भरलीच नाही. एक निबंध द्यावयाचा, तो कार्यालयातील एक कर्मचारी बाई तपासणार, आणि गुण उदार हाताने मिळणार. २०१४ च्या चौकशी-अहवालानुसार सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी हा लाभ घेतला आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. एनसीएएने २०१७ साली निर्णय दिला तो असा, की हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले असल्यामुळे खेळाडूंना विशेष सवलत मिळाली हे सिद्ध होत नाही! नियमाच्या अक्षराकडे पाहता निर्णय कदाचित बिनचूक असेल.

वेळेचा हिशेबही असाच. आठवड्यास २० तासांहून अधिक सराव घेऊ नये, असा दंडक १९९१ पासून आहे. परंतु सामन्याचा अख्खा दिवस नियमाने तीनच तासांचा धरला जातो, प्रवास आणि वैद्यकीय उपचार मोजले जात नाहीत, ‘स्वेच्छेचा’ व्यायामही नाही, आणि एनसीएएच्याच पाहणीत बड्या फुटबॉल संघांतील मुलांनी आपला आठवडा ४० तासांवर सांगितला आहे. येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. हे चित्र मुख्यतः पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलचे आहे. मुलींचे संघ आणि ज्यांना प्रेक्षक तिकीट काढून येत नाहीत असे पुष्कळसे खेळ यांतील विद्यार्थी उत्तम रीतीने पदवीधर होतात, किंबहुना खेळाडूंचे एकूण प्रमाण सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या मागे नाही.

२०२३ च्या जानेवारीत प्रवेशपरीक्षेची अटच एनसीएएने काढून टाकली, आणि प्रस्ताव ४८ पासून चाललेला तंटा संपला. एप्रिल २०२४ पासून, अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच मैदानात उतरू शकतो. आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना त्याला थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, ज्याची पहिल्या वर्षाची मर्यादा संस्थेमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. त्यामुळे चार वर्षांत चार विद्यापीठे पाहिलेला खेळाडू आता दुर्मीळ राहणार नाही. पहिली तीन विद्यापीठे त्याला आपल्या भाजकातून बिनबोभाट वजा करतील आणि चौथ्याच्या पत्रकात त्याचा निकाल लागेल. दर मुक्कामी नव्या संस्थेने जुन्या संस्थेचे किती विषय मान्य केले नाहीत, यासाठी त्या पत्रकात रकाना ठेवलेला नाही.