भांडवल खासगी, पण बाजार खुला आहे का?

भांडवलशाहीत उत्पादनाची साधने खासगी मालकीची असतात आणि नफ्यासाठी गुंतवली जातात. खुल्या बाजाराची कसोटी वेगळी आहे : नव्या माणसाला धंद्यात शिरता येते का, आणि ग्राहकाला दुसरीकडे जाता येते का?

● ईस्ट इंडिया कंपनी : भागधारक होते, लाभांशही होता. पण १६०० च्या राजसनदेने पूर्वेच्या व्यापाराचा मक्ता तिला दिला आणि इतर इंग्रज व्यापाऱ्यांना मज्जाव केला. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने या मक्तेदारीवर कडक टीका केली. भारताशी व्यापार १८१३ च्या कायद्याने खुला झाला. चहा आणि चीनचा मक्ता १८३३ च्या कायद्याने संपला.

● परवाना राज : १९५१ च्या कायद्यानंतर अनेक उद्योगांत कारखाना काढायला परवाना लागे. मालक खासगीच होते, मात्र परवानाधारकाला स्पर्धेची धास्ती नव्हती. ग्राहक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबे. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवान्याची सक्ती उठली.

● कांदा : शेत शेतकऱ्याचे, जोखीमही त्याचीच. तरी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदीने त्याला परदेशातील ग्राहक बंद झाला. मालकी असूनही विकण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर त्या बाजाराला खुला म्हणता येणार नाही.