झाकणाच्या आतली अक्षरं

सोलापुरात चादर घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी ती उलटून बघतो. जकार्डची खरी चादर असेल तर नक्षी मागच्या बाजूलाही तितकीच स्वच्छ उमटलेली असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीच्या नावावर बाहेरचा माल खपतो हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, म्हणून उलटून बघणं अंगवळणी पडलेलं. हाच माणूस जुनं मनगटी घड्याळ घेताना मात्र समोरची चकाकी बघून पैसे मोजतो. बावीस वर्षं मी जुनी चावीची घड्याळं हाताळतो आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसवणूक याच चकाकीनं केलेली आहे.

२००९ साली मीही फसलो. एका मोठ्या शहरातल्या जुन्या बाजारात फाव्हर ल्युबाचं ‘सी चीफ’ दिसलं. आकाशी डायल, एक डाग नाही. ७,००० रुपये दिले. घरी आल्यावर भिंगाखाली धरलं तेव्हा काट्यांच्या भोकाभोवती रंगाचा ओघळ दिसला. चिकटवलेल्या तासाच्या खुणा एकीकडे आणि छापलेल्या मिनिटांच्या रेघा केसभर दुसरीकडे. खालचं ‘स्विस मेड’ जाडंभरडं, त्यातली दोन अक्षरं मिनिटांच्या रेघांवर चढलेली. मागचं झाकण उघडलं तर आतलं मशीन दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचं. चालू घड्याळ म्हणून त्याचे फार तर १,२०० रुपये झाले असते.

परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना नाव ठेवलं आहे, ‘मुंबई स्पेशल’. भडक रंगवलेली डायल, तीन घड्याळांतून जमवलेले भाग आणि वर एखाद्या नावाजलेल्या कंपनीचं नाव. हे नाव ऐकलं की मला राग येतो. माल खोटा असतो हे मला मान्यच आहे. माझा आक्षेप असा की, या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी दडपल्या जातात: ठकवण्यासाठी केलेलं रंगकाम आणि घड्याळ चालू राहावं म्हणून केलेली दुरुस्ती. या दोन्हींचा भाव वेगळा असतो आणि त्यांची लायकीही वेगळी असते. हा फरक माझ्या नीट लक्षात आला तो एका वेस्ट एंड घड्याळामुळे.

वेस्ट एंड वॉच कंपनी नावावरून लंडनची वाटते, पण माल स्वित्झर्लंडमधल्या सेंट इमिए गावचा. तिथल्या आल्सिद द्रोझ यांच्या पेढीनं १८८६ च्या सुमाराला मुंबईत या नावानं व्यापार मांडला, पुढे कलकत्त्यातही. इंग्रजी नावाचा माल हिंदुस्थानात लवकर खपेल हा हिशोब. तिच्या एका घड्याळाचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडदळातला सवार. फौज, रेल्वे, कचेऱ्या, सगळीकडे ही घड्याळं पोचली. ज्या घरात एकच घड्याळ असायचं, त्या घरात ते वेस्ट एंड असण्याची शक्यता बरीच होती.

माझं ‘सोवार प्रिमा’ गिरणीतून जॉबर म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरातून २०१७ साली आलं. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल यांच्या भोंग्यांवर हे शहर उठायचं आणि निजायचं. ज्याच्या हाताखाली माणसं, त्याच्या मनगटावर घड्याळ हवंच. घरच्यांनी सांगितलं, आजोबांनी हे पहिल्या लढाईतून आणलं. त्या हिशोबानं त्यांनी मागितले १२,००० रुपये.

डायल पिवळी पडलेली, कडेला तपकिरी ठिपके, सहाच्या आकड्याजवळ ओल शिरल्याचा डाग. आणि मधोमध बारीक, धारदार अक्षरांत छापलेलं ‘इन्काब्लॉक’. घड्याळ पडलं तर बॅलन्स चाकाच्या आसाची नाजूक टोकं मोडू नयेत म्हणून बसवलेली ही धक्का सोसणारी रचना १९३४ सालची. पहिलं महायुद्ध १९१८ लाच संपलं होतं. घरच्यांना हे सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. आठवणीला सन नसतो, वस्तूला असतो. सौदा ४,५०० ला तुटला.

त्या संध्याकाळी नव्या पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे झाकण उघडलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या सात ओळी होत्या. घड्याळजी लोकांची ही जुनी रीत: दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात तारीख, आपली खूण आणि वहीतला नंबर बारीक कोरून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक परत आलं की केव्हा काय केलं ते कळतं. पहिली ओळ ७-३-५४. मग ५६, ५९. एका ओळीतले आकडे कानडी, आणि सोलापुरात त्याचं नवल वाटायचं कारण नाही. ६२ ची ओळ अर्धी पुसलेली. ६७ च्या ओळीपुढे लहानसा त्रिकोण आणि ४१८ हा आकडा. मग ७३, आणि शेवटची ८१. त्यानंतर काही नाही. ८१ नंतर घड्याळ पेटीत गेलं असणार.

त्रिकोण बघून अण्णा थांबले. ती त्यांच्या उस्तादांची खूण होती. उस्ताद वारले तेव्हा अवजारांबरोबर तीन वह्या अण्णांकडे आल्या होत्या. खालच्या कप्प्यातून त्यांनी लांबट, लाल कापडी पाठीची वही काढली. ४१८ नंबरची नोंद निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात: ‘वेस्ट एंड सवार. बॅलन्स स्टाफ नवा. ऑइलिंग. डायल रंग नको म्हणतात.’

ही शेवटची चार शब्दांची ओळ मी किती वेळा वाचली असेन! डायल १९६७ साली तरी मूळची होती याचा याहून चांगला पुरावा मला कुठल्याही संग्रहालयानं दिला नसता.

वाद मात्र तिथंच पेटला. मी म्हणालो, त्या माणसाला मूळ डायलची कदर होती. अण्णांनी मान हलवली. “तसं काय नाही सर. रंगाचे दोन रुपये वाचवले त्यानं. आमच्याकडं येणाऱ्या दहातले आठ जण डायल नवी करून द्या म्हणायचे. लग्नाचं घड्याळ, मुलाकडं जाणार, पिवळं कसं देणार? आणि घड्याळ बंद पडलं तर माणसाचा खाडा व्हायचा. डायल कुठली, काटा कुठला, हे कोण बघत होतं?”

खाडा हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. घड्याळ चालू ठेवणं भागच होतं, आणि स्वातंत्र्यानंतर तर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळं चोरवाटेनं येऊ लागली, सुटे भाग तर त्याहून दुर्मीळ. मेलेल्या घड्याळाच्या पोटातून चाक काढून जित्या घड्याळात बसवणं हा त्या काळी कारागिरीचा कस होता. जुना रंग खरवडून, नवा देऊन, रबरी गोळ्यानं अक्षरं उठवलेली डायल ही गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केलेली उघड दुरुस्ती होती. तेच घड्याळ आज ‘अस्सल, न वापरलेलं’ म्हणून विकतो तो ठक. अण्णांचं बरंचसं मला पटलं. पटलं नाही ते एवढंच की रंगवलेल्या डायलला पूर्ण भाव द्यावा. माझ्या लेखी जुन्या घड्याळाची निम्मी किंमत डायलमध्ये असते. ती रंगवली की ही निम्मी गेली. आणि ती पूर्ववत करता येत नाही.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण एचएमटी. १९६१ साली सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूला सुरू झालेल्या या कारखान्याचा इतिहास वाचकांना माहीत आहे. २०१४ साली बंद होण्याची बातमी आल्यावर जुन्या घड्याळांवर उड्या पडल्या, २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून घरोघरची ‘जनता’ एकाएकी दुर्मीळ ठरू लागली. कंपनीनं एकूण दहा कोटींवर घड्याळं विकली आहेत, दुर्मीळ कशी असेल? आता बघा, बहुतेक ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांच्या पोटात मशीन एकच, ०२३१ नंबरचं, सतरा ज्युएलचं. ‘पायलट’ला जास्त भाव येतो तो फक्त काळ्या डायलमुळे आणि काट्यांमुळे. म्हणजे साध्या घड्याळावर डायल रंगवली की भाव वाढला. बाजारात दिसणाऱ्या लाल, हिरव्या, नारिंगी ‘पायलट’ बहुतेक याच वाटेनं आलेल्या असतात.

बाकीच्या खुणा पटकन सांगतो. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलाच पाहिजे, आखूड पडला तर तो दुसऱ्याचा. पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा गोल झाल्या असतील आणि झाकणावरची अक्षरं पुसट असतील तर बॉडी पॉलिशच्या चाकावर बऱ्याचदा गेलेली आहे. सेकोच्या झाकणावरच्या क्रमांकातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा, आणि विकणाऱ्यानं सांगितलेलं साल त्याच्याशी जुळायला हवं. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांनी भुलू नका. रेडियमचा किरणोत्सर्ग शतकानुशतकं टिकतो, पण त्यानं उजळणारं रसायन काही दशकांत जळून जातं. पन्नासच्या दशकातलं घड्याळ रात्री लख्ख दिसलं तर रंग अलीकडे भरला आहे. आणि अशी डायल घरी उघडून खरवडू नका, ती पूड श्वासात जाणं घातक आहे.

झाकण उघडू न देणाऱ्याकडून मी आता घड्याळ घेत नाही. उघडू दिलं तर आधी मशीनवरचं नाव डायलवरच्या नावाशी ताडून बघतो, मग झाकणाच्या आतली अक्षरं. भावाचा माझा हिशोब असा: त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, मूळ डायलचं चालू घड्याळ गेल्या वर्षभरात खरोखर कितीला विकलं गेलं तो आकडा धरायचा, मागितलेला नव्हे. डायल रंगवलेली असेल तर निम्मा. काटे, चावी बदललेली असतील तर आणखी थोडा कमी. सर्व्हिस कधी झाली हे सांगता येत नसेल तर तिचा पूर्ण खर्च वजा. मशीनच दुसरं असेल तर नावाला किंमत नाही, फक्त चालण्याला.

या हिशोबानं माझ्या वेस्ट एंडचे ४,५०० थोडे जास्तच झाले. त्यात वहीतल्या ओळीची किंमत धरलेली नाही, कारण घेताना ती मला माहीत नव्हती. अण्णांनी ती वही विकायला नकार दिला, आणि बरोबर केलं. मी तिच्या पानांचे फोटो काढून घेतले. तीन वह्यांत मिळून दीड हजारांच्या वर नोंदी आहेत. माझ्या माहितीत सोलापुरातल्या इतर घड्याळजींच्या अशा वह्या दुकान बंद झाल्यावर रद्दीत गेल्या.

तुमच्या घरी वडिलांचं किंवा आजोबांचं लग्नातलं घड्याळ असेल तर एक विनंती आहे. ते चालू करून घ्या, जरूर घ्या. पण दुकानदाराला आधी सांगा, डायलला रंग नको. काटा, चावी, काच, जे बदलाल त्याचे जुने तुकडे मागून घ्या आणि कागदाच्या पुडीत घालून घड्याळाबरोबर ठेवा. आणि ओळखीत कुणी जुना घड्याळजी दुकान आवरत असेल, तर त्याच्या वह्या रद्दीवाल्याकडे जाण्याआधी एकदा विचारून बघा.