सहामाही संपली, कोयता निघाला : नववी-दहावीच्या लेकरांचं काय? सुट्टी लागायच्या आत पालकांनी शाळेत जाऊन करायची कामं

दिवाळी तोंडावर आली की हायस्कूलमध्ये एकदम गडबड उडते. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की पोरं मैदानात, मास्तर पेपर तपासण्यात आणि शिपाईमामा बाकडी उचलण्यात. आमच्या गावच्या शाळेतही या आठवड्यात हेच चाललंय. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस, त्या दिवशी ग्रंथालयातलं कपाट पोरांसाठी उघडं ठेवलं होतं. सातवी-आठवीच्या मुलांनी कार्डशीटचे आकाशकंदील केले, मुलींनी व्हरांड्यात रांगोळ्या काढल्या. खो-खोचा संघ तालुक्याला खेळून आला. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला बसलेली पोरं अजून रंगाच्या बाटल्या घेऊन फिरतायत.

हे सगळं बघायला छानच वाटतं. पण शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे राहायला लागलेत. मुकादमाचे फोन सुरू झालेत. भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, कोंबड्या असं एकेक बांधून ठेवलं जातंय. शाळेत कुठल्याही शिक्षकाला विचारा, निकालापेक्षा त्यांना दुसरीच काळजी लागलेली असते. दिवाळीनंतर वर्ग भरेल तेव्हा किती बाकडी रिकामी असतील?

म्हणून हा लेख. पहिलं सत्र संपताना ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी शाळेतून काय करून घ्यायचं आणि कुठली सोय कुणाला मिळते, ते सरळ सांगायचा प्रयत्न आहे.

अडचण तारखांची आहे

शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं. कारखान्याचं गाळपही त्याच सुमाराला सुरू होतं आणि मार्चपर्यंत, कुठं कुठं एप्रिलपर्यंत चालतं. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळंच फडात जातं.

पूर्वी दहावीची परीक्षा मार्चमध्ये असायची. आता ती अलीकडं आलीय. २०२५ साली दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. त्याच्या आधी जानेवारीत सराव परीक्षा आणि मग तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा असतात. कारखाना बंद व्हायच्या आधीच दहावीचं सगळं उरकलेलं असतं. 'पट्टा पडला की पोराला परीक्षेला आणू' हा हिशोब आता बसत नाही.

२० गुण वर्गातच मिळतात

बऱ्याच पालकांना वाटतं, पोरगं हुशार आहे, पुस्तक बरोबर नेईल आणि पेपर लिहील. पण दहावीचा प्रत्येक विषय १०० गुणांचा असतो. त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेत मिळणारे. भाषेला तोंडी, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणित आणि समाजशास्त्राला अंतर्गत मूल्यमापन. स्वाध्यायाच्या वह्या, प्रयोगवही, तोंडी परीक्षा ही सगळी कामं दुसऱ्या सत्रात पूर्ण होतात.

पास व्हायला ३५ लागतात. साध्या पोराला लेखीत १८-२० पडले तरी शाळेतल्या गुणांवर त्याची नाव किनाऱ्याला लागते. तो वर्गात नसेल तर हा आधारच जातो.

दुसरं, नियमित विद्यार्थ्याला परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. चार महिने फडात गेले तर ती कुठून भरणार?

आठवीपर्यंत सोय, नववीपासून खड्डा

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृह हेही मुख्यतः याच वयाच्या मुलांसाठी चालतं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरू गावात आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मुलाला बरोबर नेलंच तर शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतात.

पण ज्या वर्षी पोरगं नववीत जातं, त्या वर्षी यातल्या बऱ्याच गोष्टी हातातून सुटतात. वय पंधरा झालेलं, अंगात ताकद आलेली, मिसरूड फुटलेलं. घरच्यांनाही वाटतं, चला, हाताखाली एक माणूस झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा असला तर अर्धा कोयता. पंधरा वर्षांचं पोर धड अर्ध्या कोयत्यातही बसत नाही. ते मोळ्या बांधतं, वाढे गोळा करतं, पाणी आणतं, कोपीवर धाकट्याला सांभाळतं. त्याच्या नावाची उचल वेगळी मिळत नाही. शाळा मात्र त्याच्या नावाची सुटते.

मग नववी-दहावीच्या लेकरांना कुठं ठेवायचं?

उचल घेतलेली असते. ती मे-जूनमध्येच बियाण्याला, लग्नाला, दवाखान्याला खर्च झालेली असते. त्यामुळं 'जाऊच नका' असं म्हणणं सोपं आहे, ऐकणाऱ्याला ते परवडत नाही. आईबापांना जावं लागणार हे धरूनच पर्याय बघू.

पहिला पर्याय संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेचा. ही खास ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी आहे. २०२१ साली शासनानं ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं मंजूर केली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं, आणि प्रत्येकात १०० जागा. ती टप्प्याटप्प्यानं सुरू होतायत, म्हणून आपल्या तालुक्यात सुरू आहे का आणि जागा शिल्लक आहे का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात विचारावं लागेल. आईबाप ऊसतोडीला जातात याचा पुरावा मागतात. ग्रामसेवकाकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र इथं कामाला येतं. ते काढलं नसेल तर गाव सोडायच्या आत काढा.

दुसरा पर्याय समाजकल्याण विभागाच्या इतर वसतिगृहांचा. तिथं प्रवेश बहुतेक जूनमध्येच होतात, पण मुलं सोडून गेली की जागा रिकाम्या होतात. मुख्याध्यापकांना एक फोन करायला सांगा. शाळेतून फोन गेला की काम लवकर होतं.

तिसरा पर्याय घरचाच. आजी, चुलती, मावशी, मामा. आपल्याकडं निम्मी लेकरं अशीच शिकली. पण पोराला नुसतं ठेवून जाऊ नका. ज्वारी-बाजरी, तेल-मीठ किती ठेवलं, किराणा दुकानात कुणाच्या नावावर खातं चालेल आणि दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेणार, हे बोलून ठेवा. लेकराचं पोट भरलं तर ते शाळेत बसतं.

मुलींच्या बाबतीत जरा थांबा

मुलगी नववीत गेली की घरच्यांचा जीव खालीवर होतो. फडावर न्यावी तर कोपीला दार नाही. घरी ठेवावी तर म्हातारीच्या जिवावर. मग कुणीतरी स्थळ आणतं आणि 'एक ओझं कमी' म्हणून दिवाळी ते तुळशीच्या लग्नात उरकून टाकतात. असं करणारा बाप मुलीचा वैरी नसतो, तो घाबरलेला असतो. पण अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. २००६ च्या कायद्यानं लग्न लावून देणाऱ्यांवरही कारवाई होते. असं काही कानावर आलं तर १०९८ हा लहान मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तो दिवसरात्र चालतो.

मुलीला शाळेत ठेवायला एक सोय आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना पासावर दोन तृतीयांश सवलत असते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. मावशीचं किंवा मामाचं गाव शाळेपासून लांब असलं तरी मुलगी तिथं राहून जा-ये करू शकते. पाससाठी शाळेचा दाखला लागतो, तो सुट्टीच्या आत घ्या.

आठवीत असाल तर हे चुकवू नका

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे शाळेत ज्याला एनएमएमएस म्हणतात ती, आठवीच्या मुलांसाठी असते. सरकारी आणि अनुदानित शाळेतली, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली आणि सातवीत ५५ टक्के मिळवलेली मुलं बसू शकतात. अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये बँक खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,००० होतात.

ही परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये असते, ऐन हंगामात. फॉर्म भरलेला असतो आणि पोरगं त्या दिवशी दोनशे किलोमीटरवर फडात असतं, असं होतं. नीट अभ्यास केलेल्या पोराचे ४८,००० रुपये एका दिवसात बुडतात.

निकालाच्या दिवशी शाळेत जा, एवढं करून या

सहामाहीचा निकाल आणि पालकसभा सुट्टीच्या आगेमागे असते. पोराच्या हाती प्रगतिपत्रक मागवून अंगठा-सही करून पाठवू नका. एक दिवस मोडा आणि स्वतः जा.

१. वर्गशिक्षकाचा नंबर घ्या आणि स्वतःचा चालू नंबर द्या. फडावर गेल्यावर सिमकार्ड बदललं तर तेही कळवा. गावात राहणाऱ्या आजोबांचा किंवा शेजाऱ्याचा नंबरही शाळेत लिहून ठेवा.

२. दहावीचा फॉर्म शाळेतूनच ऑनलाइन भरला जातो. त्यातलं मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, विषय स्वतः बघा. वाचता येत नसेल तर कुणाला तरी बरोबर न्या. एक काना चुकला तर तो दहावीच्या प्रमाणपत्रावर येतो आणि पुढं दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

३. सराव परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिक यांच्या तारखा साधारण कधी असतील ते विचारून घ्या. लेखी परीक्षेचं वेळापत्रक शिक्षण मंडळ आधी जाहीर करतं.

४. कुठल्या दोन विषयांत पोरगं कच्चं आहे, ते शिक्षकाला स्पष्ट विचारा. सुट्टीत तेवढेच दोन विषय घेऊन बसवा.

५. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार आणि बँक खातं यातलं काय राहिलंय ते लिहून आणा.

६. शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. 'दाखला काढून ठेवतो, तिकडंच घालतो शाळेत' असं म्हणून दाखला पेटीत ठेवला की तो पेटीतच राहतो. मूल काही दिवस गैरहजर राहिलं तरी त्याचं नाव पटावर असू द्या.

ज्यांची शाळा आधीच सुटलीय त्यांनीही आशा सोडू नये. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्याची मुदत कधीपर्यंत आहे ते जवळच्या हायस्कूलमध्ये विचारा.

शेवटचं थोडं घरचं

मी स्वतः नववीच्या वर्षी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर गेलो होतो. त्या हंगामात किती टन ऊस तुटला ते मला आठवत नाही. परत आलो तेव्हा वर्गातली पोरं दहावीची पुस्तकं चाळत होती आणि माझं नाव अजून नववीतच होतं, एवढं मात्र आठवतं. पुढच्या वर्षी आजी अडून बसली. 'हा जाणार नाही, मी भाकरी करून घालीन' म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या त्या हट्टामुळं मी बारावीपर्यंत पोचलो. आज शेती करून ही बातमी लिहितोय, ती त्याच जोरावर.

तुमच्या घरात अशी एखादी आजी असेल तर गाडीत बसायच्या आधी तिला विचारा. नसेल तर वर्गशिक्षकाला विचारा. आपल्या वाडीवर कुणाचं पोरगं नववी-दहावीत आहे आणि गाडी कधी निघणार आहे, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत असतं. त्या घरी एक चक्कर मारा आणि वरची सहा कामं झाली का ते बघा.