चारही गिअरमध्ये मागे पळणारी गाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली आणि मेसरश्मिट या नावाजलेल्या विमान कंपनीच्या हाताला काम उरलं नाही. फ्रिट्झ फेंड हे अभियंते तेव्हा युद्धात अपंग झालेल्यांसाठी तीनचाकी वाहनं तयार करत होते. दोघं एकत्र आले आणि १९५५ मध्ये केआर२०० ही चिमुकली गाडी रस्त्यावर आली. पुढे दोन चाकं, मागे एक. चालकाच्या पाठीमागे दुसरी सीट, आणि वर पारदर्शक घुमट. तो एका बाजूला उचलायचा, मग आत बसायचं.

खरी गंमत पुढेच आहे. या गाडीला वेगळा रिव्हर्स गिअरच नाही! तिचं १९१ सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. इंजिन सुलट फिरतंय की उलट, याचं त्याला सोयरसुतक नसतं. म्हणून मागे जायचं तर इंजिन बंद करायचं, चावी आणखी आत दाबायची आणि पुन्हा स्टार्ट करायचं. स्टार्टर उलटा फिरतो, ठिणगीची वेळ बदलते आणि चारही गिअर मागे जायला मिळतात. एकही जादा दातेरी चाक न बसवता साधलेली ही युक्ती मला त्या घुमटाहूनही देखणी वाटते.

पुढे लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, मोठ्या गाड्या परवडू लागल्या आणि १९६४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.