गळाची हौस आणि चढणीचा मासा

महाराष्ट्रात घाटमाथ्यावरील नद्या, धरणांचे जलाशय आणि कोकणातील खाड्या अशा सर्व पाण्यांत हौसेखातर गळ टाकला जातो. गळाला एका वेळी एकच मासा लागतो, म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. पावसाळ्यात ही समजूत फसवी ठरते. पहिल्या पुराबरोबर अंड्यांनी भरलेल्या माद्या ओढ्यांतून वर चढतात. अशी एक मादी धरली म्हणजे हजारो अंडी गेली. सागरी यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी असते, तीही मुख्यतः माशांच्या विणीसाठीच.

खडशी, म्हणजेच दख्खनचा महसीर, हौशी मंडळींचा विशेष आवडता. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे धरणांनी त्याच्या वाटा अडविल्या व तो विरळ झाला. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास चालविली आहे. महाडजवळील वाळण कोंडीत मात्र देवीचा मासा म्हणून ग्रामस्थांनीच तो राखला आहे.

आषाढ-श्रावणात ओढ्यांवर गळ टाकू नये, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावात समजावून द्यावे. एरवी उलटा काटा नसलेला गळ वापरावा. मासा सोडावयाचा असल्यास ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.