मोटारसायकल शिकावी कशी?

बेळगुंदी, बिजगर्णी, सोनोली, राकसकोप या बेळगावच्या पश्चिमेकडील गावांच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर आपली खेडी किती बदलली हे सांगण्यास दुसरा पुरावा लागत नाही. कॉलेजला निघालेला मुलगा, उद्यमबागेतील कारखान्यात कामाला जाणारा तरुण, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेला दूधवाला, मागे रताळ्यांचे पोते बांधून बाजाराकडे निघालेला शेतकरी, हे सारे मोटारसायकलवर असतात. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या काळी खेड्यात अशी एखादी गाडी असली तर ती कोणाची हे आवाजावरून ओळखू येई. १९८५ पासून थोड्या पेट्रोलवर दूर जाणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि पुढे शेतकऱ्याच्या दारात बैलजोडीच्या शेजारी मोटारसायकलही उभी राहिली.

या सर्वांना गाडी शिकवली कोणी, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. भाताची कापणी आणि मळणी आटोपली की रान मोकळे होते. थोरला भाऊ, चुलता किंवा एखादा मित्र गाडी तेथे नेतो, क्लच कोठे व गिअर कोठे हे दाखवतो, आणि दिवस मावळण्यापूर्वी शिष्य गाडी घेऊन सडकेवर येतो. या पद्धतीला मी नावे ठेवणार नाही. मोकळ्या रानात समोरून वाहन येत नाही आणि पडले तरी फारसे लागत नाही; पहिल्या धड्याला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. परंतु त्या एका दुपारी शिकणारा जे शिकतो ते गाडी चालू करणे. गाडी थांबवणे हा निराळा विषय असून त्याला महिने लागतात. शिकाऊ परवान्याची, म्हणजे आपण ज्याला कच्चे लायसन म्हणतो त्याची, मुदत कायद्याने सहा महिन्यांची ठेवली आहे. या दृष्टीने पाहिले तर ते सहा महिने कागदी अडथळा वाटत नाहीत, अभ्यासक्रम वाटतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. गिअरची मोटारसायकल चालवण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती अर्धवट खरी आहे, कारण ती सवलत ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरती आणि पालकांच्या लेखी संमतीने आहे. तशी पेट्रोलची गाडी आता बाजारात शोधूनही सहसा सापडत नाही. बिनगिअरच्या स्कूटरचा परवाना घेऊन गिअरची मोटारसायकल चालवणे हेही बेकायदेशीरच, हे घरातील भावाबहिणींनी ध्यानात ठेवावे.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर करता येतो. त्यासोबत प्रकृतीविषयी एक स्वतःचे निवेदन भरून द्यावे लागते, आणि बहुतेक जण ते न वाचताच सही करतात. खरे म्हणजे ते वाचण्याजोगे आहे. पंचवीस मीटरवरील मोटारीच्या नंबरप्लेटवरचा आकडा दिवसाउजेडी वाचता येतो काय, तांबडा व हिरवा रंग वेगळा ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, असे साधे प्रश्न त्यात आहेत. चष्मा लागला आहे हे पुष्कळांना उशिरा कळते. घराच्या अंगणातून पंचवीस पावलांवर उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचून पाहावा. तो अडखळत वाचला जात असेल, तर परवान्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे बरे.

कच्च्या लायसनसाठी जी चाचणी होते ती मुख्यतः रस्त्यावरील चिन्हे व नियम यांची. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून आपल्या सीमाभागात किती वर्षे वाद चालला आहे हे मी सांगायला नको. वाहतुकीच्या चिन्हांना मात्र लिपीच नाही. त्रिकोण सावध करतो, तांबड्या कडेचे वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ आज्ञा देते. ‘थांबा’ या चिन्हाला आठ कोन आणि ‘वाट द्या’ या चिन्हाला उलटा त्रिकोण देण्यामागे हेतू असा की, पाटी चिखलाने माखली तरी नुसत्या आकारावरून ती ओळखू यावी. पावसाळ्यात तांबड्या मातीने भरलेल्या आपल्या पाट्या पाहिल्या म्हणजे या योजनेचे मोल कळते.

चाचणी उत्तीर्ण होऊन कच्चे लायसन हाती पडले की गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षर लावावे लागते. त्याच नियमात आणखी एक अट आहे व तीच आपल्याकडे सर्वांत जास्त मोडली जाते. शिकणाऱ्याने मागे कोणालाही बसवता कामा नये. बसायचेच तर पक्के लायसन असलेल्या शिकवणाऱ्यानेच बसावे. आपल्याकडे गाडी हाती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मित्रांची जोडी मागे बसते. मागे वजन आले की गाडीचा तोल बदलतो, थांबण्याचे अंतर वाढते आणि ज्याला एकट्याची गाडी अजून पुरती कळलेली नाही, त्याला दोघांची किंवा तिघांची गाडी सांभाळावी लागते.

शिकण्याची सुरुवात क्लचपासून करावी. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला हात न लावता, क्लच अगदी सावकाश सोडावा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढू लागते. तेथेच हात थांबवावा व क्लच पुन्हा दाबावा. असे वीस वेळा केले म्हणजे ती जागा बोटांना पाठ होते. पुढे चढावर थांबून मागे न घसरता निघणे, गर्दीत हळू चालणे, परीक्षेतील आठाचा आकडा काढणे, हे सारे या एका जागेवर अवलंबून असते. ज्याने ती ओळखली नाही तो चढावर गाडी बंद पाडतो, नाही तर झटका देऊन समोरच्यावर घालतो.

त्यानंतर ब्रेक. येथे थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसणे, तो मेंदूला कळणे आणि हातपाय हलणे यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ते ११ मीटर संपलेले असतात. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट लागलेले असतील, तर त्यापुढे आणखी सुमारे १० मीटर लागतात. म्हणजे एकूण २१ मीटर झाले. आता वेग ६० करा. पहिल्या सेकंदाचे १७ आणि ब्रेकचे सुमारे २३ असे ४० मीटर होतात. वेग दीडपटच वाढला, पण अंतर जवळजवळ दुप्पट झाले. गल्लीच्या तोंडातून शेरडू किंवा पोर एकदम रस्त्यावर येते तेव्हा आपल्यापुढे ४० मीटर मोकळे असतात काय, हे ज्याचे त्याने आपल्या गावात पाहावे.

पुढच्या ब्रेकविषयी खेड्यात मोठी धास्ती आहे. तो दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो असे सायकलच्या दिवसांपासून सांगितले जाते, म्हणून अनेक जण जन्मभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक रस्ता धरत नाही. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर ते चाक अडकते आणि गाडी आडवी सरकते. थांबवण्याचे बहुतेक काम म्हणून पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो हिसका देऊन दाबायचा नसतो. लिंबू पिळताना जोर हळूहळू वाढवतो, तसा तो वाढवत न्यावा आणि त्या वेळी हँडल सरळ असावे. वळणावर किंवा वाळूवर तो एकाएकी दाबला तर गाडी पडते, ही धास्ती मात्र खरी आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी योजना आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना सक्तीची झाली. परंतु गावात शिकण्यासाठी जी गाडी मिळते ती बहुधा त्याआधीची, थोरल्या भावाने वापरून झालेली असते.

ऋतूंचाही विचार करावा. आपला भाग मोठ्या पावसाचा. जूनच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल व धूळ यांचा लेप होतो आणि रस्ता भर पावसातल्यापेक्षाही निसरडा होतो. त्यातच शेतातून बाहेर पडलेले ट्रॅक्टर चाकांचा चिखल डांबरावर सोडून जातात. ज्याने जानेवारीत कच्चे लायसन घेतले, त्याला मुदत संपण्यापूर्वी जूनमधला पाऊसही भेटतो. घाई नसेल त्याने हा काळ निवडावा असे मी सुचवीन. हिवाळ्यात ऊस चालू होतो, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना रात्री रस्त्यावर असतात. निपाणीकडे तर महामार्गाची वाहतूक आणि तवंदी घाटाचा उतारही सोबतीला असतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय घातक आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर वेळीच खालचा गिअर टाकता येतो काय, हे परीक्षकाने पाहावे असे नियमातच सांगितले आहे.

हेल्मेटविषयी पोलिसांच्या भीतीने बोलले जाते, म्हणून थोडे निराळे सांगतो. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले इंग्रज सेनाधिकारी १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेटाचा शास्त्रीय पाया तेथून पडला. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. आणि हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर होते. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. शिक्का नसलेले हेल्मेट विकण्यासच बंदी आहे. पट्टा न बांधता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते, एवढे सांगितले की पुरे.

कच्चे लायसन मिळाल्यावर निदान तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. आठाचा आकडा काढताना पुष्कळ जण पुढच्या चाकाकडे किंवा जमिनीवरील रेषेकडे पाहतात आणि पाय टेकतात. जेथे जायचे तेथे नजर ठेवावी, क्लच अर्धा धरावा, मागचा ब्रेक किंचित लावून ठेवावा, पुढच्या ब्रेकला हात लावू नये. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाला तर साठ दिवस थांबावे लागते. ‘एजंटाला पैसे दिले की आठही काढावा लागत नाही’ असे कोणी सांगितले, तर सांगणारा आपला हितचिंतक नव्हे असे समजावे.

आठाच्या आकड्याने हळू चालवण्याचा तोल कळतो, पण चाळीसच्या वेगाने जाताना अचानक थांबता येते काय हे कळत नाही. माझ्या मते आपल्या परीक्षेतील ही मोठी उणीव आहे. ब्रिटनमध्ये १९९० पासून मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिकाऊ स्वाराला रस्त्यावर येता येत नाही. तेथील परीक्षेत ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगावरून एकदम थांबून दाखवावे लागते. आपल्याकडे ती सोय होईपर्यंत शिकवणाऱ्या भावानेच मोकळ्या जागी दगड ठेवून ही परीक्षा घ्यावी. आधी वीसच्या वेगाने, मग तीसच्या, मग चाळीसच्या.

अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या आईबापांना २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. परवाना नसलेल्याच्या गाडीखाली कोणी सापडले तर विमा कंपनी भरपाई देते, परंतु ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा तिला अधिकार राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हे तत्त्व स्पष्ट केले. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

बेळगावच्या कार्यालयाने दिलेला परवाना चंदगडला, कोल्हापूरला, पणजीला सारखाच चालतो. कायद्याने तो सबंध भारतात ग्राह्य आहे. तिशीच्या आत घेतला तर तो वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत टिकतो. तो मिळाला की ‘एल’ची पाटी निघते आणि मागची जागा मोकळी होते. बेळगुंदीत त्या जागेवर पहिल्यांदा बहुधा आई बसते, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साडी-गार्ड, धरावयास मूठ आणि पाय ठेवण्यास आधार गाडीला असलाच पाहिजे, असा नियम आहे. जुन्या गाडीचे ते गार्ड मोडून पडले असेल तर आधी बसवून घ्यावे. पदर कमरेला खोचलेला आहे व मूठ हातात आहे हे पाहावे, आईच्याही डोक्यावर हेल्मेट बांधावे, आणि मगच क्लच सोडावा.